हवालदारांच्या बारा संध्याकाळी

विजेच्या सामानाला हात लावायचा झाला की आमचे हवालदार आधी डावा हात पँटच्या खिशात घालायचे आणि मगच उजवा पुढे करायचे. चिंचवडात लोक हसायचे. म्हणायचे, हवालदार बिनतारी सेटपुढे फोटोला उभे राहतात. मीही हसलो होतो. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, वीज एका हातातून शिरली की दुसऱ्यातून बाहेर पडायला बघते. मधल्या रस्त्यावर काळीज असतं. तेवढा रस्ता बंद ठेवायचा." मी वायरमन. विजेतलं मला कुणी शिकवावं हे काही रुचलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून माझाही डावा हात मागे जायला लागला. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही.

मी मूळचा निघोज्याचा. शाळा दुसरीपर्यंत, तीही रडतखडत. पुण्यातल्या एका कंत्राटदाराच्या हाताखाली वायरिंग शिकलो आणि चिंचवडात घरोघर दिवे लावत फिरलो. पन्नास सालानंतरची गोष्ट, पिंपरीला तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. माझ्या कामाचा मला गर्व होता. आजही आहे. हवालदारांचं घरही मीच वायर केलं होतं.

ते लढाईत सिग्नलला होते. पेन्शन घेऊन आले आणि सरकारी परवाना काढून मागच्या खोलीत हौसेचं बिनतारी केंद्र मांडून बसले. सगळं सामान जुन्या बाजारातलं लष्करी भंगार. टेबलाखाली एक जड पेटारा होता. घरातली वीज घ्यायची, तिचा दाब कैक पट वाढवायचा आणि वरच्या सेटला पुरवायची, हे त्याचं काम. हवालदार त्याला भटारखाना म्हणायचे. "भटारखाना उपाशी राहिला की पलटण लढत नाही, मिस्त्री."

त्यांची दुसरी सवय म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं उतरवायचं. कानाला सेटचे ऐकायचे फोन, हातात पेन्सिल, पुढ्यात वही. सिग्नलच्या माणसानं शंका घेत बसायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. "समोरच्यानं दिलं ते घ्यायचं. तो आपल्याला खोटं देईल असं धरून चाललो तर लढाई एका दिवसात हरू." माणसांच्या बाबतीतही ते असेच. दूधवाला म्हणाला पाणी घातलं नाही, तर नाही घातलं.

रोज संध्याकाळी साडेसहाला ते पिल्लेशी बोलायचे. पिल्ले त्यांचा लढाईतला सोबती, राहायला कोइमतूरला. त्याच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि आवाज कायमचा गेला होता. पण बोट चालत होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या तो तारेचा खटका वाजवायचा, मोर्सचे ठिपके आणि रेघा, आणि इकडे हवालदार खदखदून हसायचे. वहिनी आतून म्हणायच्या, "सांगितला वाटतं पिल्लेभावजींनी चावट विनोद!" डॉक्टरांनी पिल्लेला फार दिवस दिलेले नव्हते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

अशात एका संध्याकाळी भटारखाना बसला. हवालदारांनी खटका दाबला की खोलीतला दिवा लालसर व्हायचा आणि सेट मान टाकायचा. खटका सोडला की सगळं ठीक. ऐकण्याच्या सेटला वीज थोडी लागते, त्यामुळे ऐकू सगळं यायचं. पिल्ले हाका मारत होता, हवालदार त्या वहीत उतरवत होते. उत्तर तेवढं देता येत नव्हतं.

मला बोलावलं. मी दिवा बघितला आणि उभ्या उभ्या निकाल दिला, "लाइनीचा दोष हाय. सांजच्याला पिठाची गिरणी चालती." हवालदार स्वतः गिरणीवाल्याकडे गेले, हात जोडून दहा मिनिटं गिरणी थांबवून घेतली. खटका दाबला. दिवा लालसर पडला तो पडलाच.

"मग तुमच्या पेटाऱ्यात हाय काहीतरी," मी म्हणालो.

दारात वहिनी उभ्या होत्या. "भावजी, या खोलीतला दिवा पडतो, माझ्या चुलीपुढचा हलत नाही. दोष बाहेरचा असता तर दोन्ही पडले असते. आणि पेटाऱ्याचा असता तर माझाही जरा तरी पडला असता ना?"

"वहिनी, तुमी भाकरी बघा. करपंल."

"भाकरी करपली तर वास येतो, भावजी. तुमच्या वायरीचा वास कुणी घ्यायचा?"

हवालदारांनी एकदाच विचारलं, "मिस्त्री, माळ्यावरच्या जोडांना डाग दिलाय ना?" दोन तारा नुसत्या पिळल्या तर कालांतराने ढिल्या पडतात, म्हणून कथलाचा डाग द्यायचा असतो. मी म्हणालो, "एकूण एक जोडाला दिलाय. माझं काम हाय ते."

त्यांनी मान हलवली. मी दिलं ते त्यांनी घेतलं. डावा हात खिशात घातला आणि पेटाऱ्याचे स्क्रू काढायला बसले.

बारा दिवस. व्हॉल्व्ह बदलले, कंडेन्सर बदलले. ट्रान्सफॉर्मर उकलून त्याचे वेढे एकेक मोजत पुन्हा गुंडाळले. बोटांना चिरा पडल्या. साडेसहा वाजले की हातातलं टाकून फोन कानाला लावायचे. पिल्ले हाका मारायचा. "आज काय म्हणतोय?" मी विचारायचो. "तेच. आहेस का, म्हणतो." पिल्लेला निदान कार्ड टाकतो म्हणाले, तर मी म्हणालो, कशाला, उद्या चालू होतंय. असं मी रोज म्हणत होतो. शेवटी नवव्या दिवशी त्यांनी मला न विचारता कार्ड टाकलं.

तेराव्या संध्याकाळी पेन्सिल कागदावर टेकलीच नाही. साडेसहा झाले, सात झाले. हवालदार फोन काढेनात. वहिनींनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. मला तिथं बसवेना. मी शिडी लावली आणि माळ्यावर चढलो. खरं सांगतो, माझं काम बरोबर आहे हे दाखवायलाच चढलो.

मागच्या खोलीकडे जाणाऱ्या वायरीचा जोड उघडला. वरची टेप भाजून काळी ठिक्कर. आत दोन तारा नुसत्या पिळलेल्या. डाग नव्हता. मग आठवलं. त्या दिवशी अंधारायला लागलं होतं, कथील तापवायचा स्टोव्ह पेटत नव्हता, आणि मला सांगवीला बहिणीकडे जेवायला जायचं होतं. उद्या देऊ म्हटलं होतं.

डाग द्यायला दहा मिनिटं लागली. हवालदारांनी खटका दाबला. दिवा हलला नाही. ते हाका मारत राहिले आणि कोइमतुरातून काहीच आलं नाही.

आठवड्याने पिल्लेच्या मुलीचं कार्ड आलं. हवालदारांनी मला उभं राहून वाचून दाखवलं. तुमचं कार्ड आलं तेव्हा बाबा गेले होते. शेवटपर्यंत खटक्यावर बोट होतं. तुम्ही आजारी तर नाही ना, याची त्यांना काळजी लागली होती.

मी वही मागितली. अक्षर अक्षर लावत वाचली. बारा दिवस, पिल्लेच्या हाकांखाली रोज एकच ओळ: उत्तर देता आलं नाही, दोष माझ्या सेटमध्ये.

"हे खोटं हाय," मी म्हणालो. "माझं नाव लिवा."

"त्या दिवशी मला जे ठाऊक होतं ते लिहिलं. वहीत खाडाखोड करत नसतात, मिस्त्री."

"मग खाली लिवा."

"वाचणार कोण आता?" एवढंच म्हणाले आणि वही मिटली. मी भांडलो. त्यांच्या घरात, त्यांच्या दुःखात, मी त्यांच्याशी मोठ्यानं भांडलो. वहिनींनी मला पाणी दिलं.

पुढच्या वर्षी परवाना परत करून दोघं गावाकडे गेली. तिकडेच हवालदार वारले. वही कुठे गेली, कुणाला ठाऊक नाही. मी पुढे चाकणपर्यंत कंपन्यांची कामं केली. चार माणसं मला मान देतात, तो मी घेतो.

पण त्या वहीत जे राहिलं ते मी इथे लिहितो. बारा संध्याकाळी हवालदारांचा सेट चांगला होता. वहिनी बरोबर बोलत होत्या. जोड माझा होता, आणि मी त्याला डाग दिला नव्हता.