हिरव्या भोकापाशी लावलेली टिकली

बाराव्या पायरीवर महेबूबचे गुडघे कुरकुरायला लागले. अजून सहा बाकी होत्या, आणि वर दारात इंदूवहिनी उभ्या होत्या.

“या महेबूबभाई. चहा टाकते, पण आधी त्या कॉम्प्युटरच्या डब्याला बोलतं करा. सकाळपासून घास घेतला न्हाई यांनी.”

“काल तर चांगला करून धाडला की वो वहिनी.”

“तुम्ही चांगला धाडला. तो मुका आला.”

महेबूबनं दाराशी चपला काढल्या. अंगात बळच नव्हतं. लातुरात कोचिंगचा हंगाम भरात आलेला. उदगीर, मुरुड, पार नांदेडकडची पोरं गल्लीगल्लीत खोल्या धरून बसली होती, आणि क्लासवाल्यांची दहा-दहा मशीनं रोज त्याच्या दुकानात येऊन पडत. व्हायरस शिरला, विंडोज उडवा. नवी टाका. पुढचं मशीन घ्या. पंचवीस वर्षं रेडिओ अन् टेप दुरुस्त करणाऱ्या माणसाचे हात आता हे काम झोपेत केल्यागत करत होते.

रेडिओच्या काळात त्याचा एक नेम होता. दुरुस्त झालेल्या पेटीवर अर्धं गाणं ऐकल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही. गिऱ्हाईक कितीही तणतणू दे. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडांतून पोत्यात घालून आलेले, मातीनं गच्च भरलेले रेडिओसुद्धा त्यानं असे ऐकूनच परत दिले होते. कॉम्प्युटर आले आणि हा नेम कधी सुटला ते त्यालाही आठवत नव्हतं. पडदा उजळला की झालं काम, असं चाललं होतं.

आत मार्तंड सर खुर्चीत ताठ बसले होते. बोटं कीबोर्डवर ठेवलेली, पण थांबलेली. सर औश्याकडच्या एका गावी शाळेवर होते. भूकंपात भिंत अंगावर आली. माणूस वाचला, नजर गेली. तेव्हापासून ते भौतिकशास्त्र डोक्यात घेऊन घरी बसलेले. चार वर्षांमागं अण्णारावनं आपल्या क्लासच्या चाचणी परीक्षांचे प्रश्न काढायचं काम त्यांना दिलं. टाइप केलेली ओळ कॉम्प्युटर वाचून दाखवायचा, सर चूक सुधारायचे. तो बोलणारा प्रोग्राम महेबूबनंच काल आठवणीनं परत टाकला होता.

“पन्नास प्रश्न पाहिजेत, महेबूब. मशीन बिघडायच्या आधी सत्तावीस झालेत. सहाला अण्णारावचा माणूस येतो,” सर म्हणाले. “पंखा फिरतोय ते ऐकू येतं. म्हणजे जिता हाय. मग बोलत का न्हाई?”

“बघतो सर.”

“सात तास मातीखाली होतो तवा असंच गप होतं सगळं. तसं वाटायलंय सकाळपासून.”

महेबूब खाली बसला. पडद्यावर मशीनमधल्या भागांची यादी उघडली, तर आवाजाच्या नावापुढं पिवळं प्रश्नचिन्ह. म्हणजे विंडोज आली होती, पण आवाजाच्या चिपची आणि तिची ओळखच झाली नव्हती. ओळख करून देणारा ड्रायव्हर टाकायला तो विसरला होता.

“मशीनसंगं एक सीडी आली होती. हाय का वहिनी?”

“ती व्हय? बाल्कनीत टांगली, कबुतरं भ्यावीत म्हणून.”

सीडी काढून आणली. उन्हानं तिचे पापुद्रे सुटलेले. महेबूब हसला, पहिल्यांदाच. मग त्यानं डबा उघडला, भिंग डोळ्याला लावलं आणि बोर्डावर ती इवलीशी चिप हुडकली. तिच्यावर कंपनीची खूण म्हणून खेकड्याचं चित्र होतं, खाली नंबर. जुन्या रेडिओतले आकडे वाचलेले डोळे. तरी तीनदा वाचावं लागलं. नंबर तळहातावर लिहून तो पुन्हा अठरा पायऱ्या उतरला. कोपऱ्यावरच्या नेटकॅफेत ड्रायव्हर उतरवून घ्यायला पाऊण तास गेला. पेनड्राइव्ह घेऊन पुन्हा वर आला तेव्हा पाच वाजले होते.

ड्रायव्हर बसला. खालच्या कोपऱ्यात भोंग्याचं चित्र उमटलं.

आवाज मात्र नाहीच.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“थांबा जरा.”

मग त्याला जुनी युक्ती आठवली. कॉम्प्युटरच्या मागून त्यानं स्पीकरची पिन उपसली आणि तिच्या टोकाला बोट लावलं. स्पीकर घर्रर्र करून ओरडला. म्हणजे स्पीकर धडधाकट. पिन परत घालायला टॉर्च मारला आणि तो तिथंच थबकला. तीन भोकं होती. निळं, हिरवं, गुलाबी. स्पीकरची जागा हिरवी. पिन निघाली होती गुलाबीतून, माइकच्या.

“सर, पिन कुणी घातली?”

“मीच. रोज मीच घालतो. हिरव्यापाशी इंदूनं खड्याची टिकली लावलीय, ती चाचपायची अन् शेजारी घालायची. काल हाताला लागलीच न्हाई.” सरांनी कीबोर्डवरची बोटं उचलून मांडीवर ठेवली. “बोटं बी दगा द्यायलीत आता. डोळे गेले तवा म्हटलं होतं, बोटं तर हायेत. जाऊ दे. अण्णारावला सांगून टाकतो, दुसरा माणूस बघ म्हणून.”

महेबूबनं टॉर्च विझवला. काल दुकानात पेट्रोलचा बोळा घेऊन त्यानं तो सगळा डबा पुसला होता. मागच्या बाजूला काहीतरी चिकट, काळपट हाताला लागलं होतं. नखानं खरवडून काढलं होतं त्यानं. चांगला लख्ख केला म्हणून वर खूशही झाला होता.

गप बसलं असतं तरी चाललं असतं. कुणाला कळणार होतं?

“सर,” तो म्हणाला, “टिकली मी काढली. मळ समजून. तुमच्या बोटाची काय बी चूक न्हाई. ड्रायव्हर टाकायला बी मीच विसरलो. अन् आवाज न ऐकता धाडला. ती तर सगळ्यात मोठी चूक.”

स्वयंपाकघरात कपबशीचा आवाज थांबला.

“म्हणजे माझं बोट बरोबर होतं?”

“हाव सर. टिकलीच नव्हती तिथं.”

सरांनी मान खाली घातली. खांदे हलले. हसतायत का काय, ते महेबूबला कळेना. इंदूवहिनी बाहेर आल्या, आरशावरची एक टिकली सोलून आणली आणि म्हणाल्या, “माझी टिकली पुसलीत, महेबूबभाई! वर चहा मागताव.”

“अल्लाची कसम, चहा मी मागितलाच न्हाई वहिनी.”

टिकली बसली. सरांचं बोट डब्यामागं सरकत गेलं, खड्यावर टेकलं, शेजारच्या भोकात पिन गेली. कॉम्प्युटर नाकातल्या इंग्रजीत सत्ताविसावा प्रश्न वाचू लागला, उतारावरून घसरत्या दगडाचा.

“पाच वीस झाले असतील,” सर म्हणाले. “तेवीस राहिलेत. जमतंय बघू. जा तू, दुकान खोळंबलं असंल.”

दुकानात सहा मशीनं पडून होती. महेबूब भिंतीला पाठ टेकून खालीच बसला. “जातो,” म्हणाला, “एवढा प्रश्न पुरा ऐकतो अन् जातो.”