रायफलीतला तांदूळ

इंग्लंडात बंदुकीचं लायसन मागणाऱ्या माणसाने पोलिसांसमोर काय बोलू नये, हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. स्लाऊच्या आमच्या बैठकीत पोलिसांचा माणूस सोफ्यावर बसला होता, हातात बायकोने दिलेली पोह्यांची बशी. त्याने सहज विचारलं, "रायफल कशासाठी हवी?" आमच्या साताऱ्याकडे ज्याच्या घरी बंदूक असते त्याचं या प्रश्नाला एकच उत्तर असतं. मी छाती काढून तेच दिलं, "स्वसंरक्षणासाठी."

त्याचा चमचा हवेतच थांबला. बायकोने टीपॉयखालून माझ्या नडगीवर अशी लाथ घातली की पुढचं वाक्य मी जवळजवळ किंचाळलोच, "म्हणजे टार्गेट! कागदाचं! क्लबात!"

 त्याने पोहे संपवले, बंदुकीसाठी भिंतीला बोल्ट मारलेलं पोलादी कपाट हलवून पाहिलं आणि जाताना बायकोला म्हणाला, "याची किल्ली कुठे असते ते तुम्हालासुद्धा कळता कामा नये."

"त्याला तरी कुठे कळतं!" बायको म्हणाली. मला वाटतं, त्या एका वाक्यावर मला लायसन मिळालं.

दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाला हे डोहाळे बाबांमुळे लागले. बाबा कॉलेजात असताना एनसीसीत नेमबाजी करायचे. कॅन्टोन्मेंटमधल्या थिएटरात इंग्रजी काउबॉयपट बघायचे. त्यातला हिरो घोड्यावरून गोळी झाडतो, चापाखालचा लोखंडी लिव्हर खटाक्‌ पुढे, खटाक्‌ मागे करतो आणि पुन्हा झाडतो. ते 'खटाक्‌ खटाक्‌' बाबा मला लहानपणी तोंडाने करून दाखवायचे. तशी रायफल एकदा हातात घ्यायची, ही त्यांची जुनी हौस.

आता त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरांनी कंपवात म्हटलं. बाबांच्या मते ती डॉक्टरांची चूक होती. चहा सांडला की म्हणायचे, "कपाचा कान लहान आहे." आईने गुपचूप स्कूटरची किल्ली लपवली आणि त्यावरून दोघांचं इतकं वाजलं की उन्हाळ्यात ते एकटेच आमच्याकडे आले. आई गुडघ्यांचं कारण सांगून मागे राहिली.

आल्या आल्या मला म्हणाले, "तुझ्या त्या क्लबात मला एकदा गोळी झाडू दे. फोटो काढ. तुझ्या आईला पाठवू. हाताला काय झालंय ते बघू दे तिला."

म्हणून मी लिव्हरचीच रायफल घेतली. जुनी, दस्त्याला चरे पडलेली. पहिल्याच दिवशी क्लबाच्या रेंजवर लिव्हर ओढताना बोट चेमटलं. पहिली गोळी कुठे गेली ते अजून सापडलेलं नाही. तिचं गरम रिकामं काडतूस मात्र वर उडालं आणि थेट माझ्या कॉलरमधून आत गेलं. मी जो नाच केला, तो पाहून शिट्टी वाजली, लाल बावटा वर गेला आणि सगळी रेंज थांबली. रेंज सांभाळणारे वयस्क इंग्रज गृहस्थ, त्यांना मी मनात मास्तर म्हणायचो, शांतपणे म्हणाले, "कॉलरचं बटण लावत जा. आणि लिव्हर पूर्ण पुढे, पूर्ण मागे. घाबरत ओढलास तर रायफल अडकते."

घरी बाबा छत्री घेऊन सराव करत होते. खटाक्‌ खटाक्‌ अर्थात तोंडानेच.

पाहुण्यांना क्लबात आणायचा दिवस ऑक्टोबरमधल्या रविवारी होता, आणि त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. खंडेनवमीला घरात शस्त्र आहे आणि पूजा नाही, हे बाबांना पटणं शक्यच नव्हतं. माझ्याशिवाय कुणी रायफलीला हात लावायचा नाही हा नियम. म्हणून मी पाटावर बसून, बारशाच्या बाळासारखी तिला मांडीवर घेतली. बाबांनी हळद-कुंकू वाहिलं. झेंडू मिळाला नाही, कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटातली शेवंती चालवून घेतली. मग अक्षता. त्या हाताने अक्षता टाकणं म्हणजे वळवाचा पाऊस. रायफलीवर, माझ्या डोक्यावर, कार्पेटवर.

"बाबा, पुरे!" बायको म्हणाली.

"पहिली पूजा आहे तिची. पोटभर होऊ दे."

मी रायफल पुसून कपाटात ठेवली. पुसली म्हणजे वरवरच पुसली.

रविवारी बाबा कोट, टाय, मफलर आणि माकडटोपी घालून निघाले. मास्तरांनी त्यांना "सर" म्हणताच ते इतके ताठ झाले की मला जुन्या एनसीसीच्या फोटोतला मुलगा दिसला. मास्तरांनी त्यांना टेबलाशी बसवलं, नळीखाली वाळूची पिशवी दिली, पहिलं काडतूस स्वतः चढवलं. मी डिजिटल कॅमेरा घेऊन बाजूला उभा. इवल्याशा स्क्रीनमध्ये मला फक्त बाबांचा चेहरा हवा होता.

आवाज झाला. मास्तरांनी दुर्बिणीतून पाहिलं. "कागदावर आहे, सर!" काठाला का होईना, भोक होतं.

"आता लिव्हर."

खटाक्‌. आणि पुढे काहीच नाही. रायफल अडकली. मास्तरांनी मोकळी करून दिली. पुन्हा अडकली. बाबांचे कान लाल झाले. ते माझ्याकडे बघेनात.

मास्तर रायफल घेऊन मागच्या टेबलाकडे गेले. टॉर्च काढला, ब्रश फिरवला, मग बारीक चिमटा घातला आणि वर धरला. चिमट्यात कुंकवाने गुलाबी झालेला तांदळाचा दाणा.

"हा काय प्रकार?"

बाबांनी आपल्या खास इंग्रजीत खंडेनवमी समजावून सांगितली. मास्तर सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे तुम्ही हिला जेवू घातलंत!" रेंजवर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने बाबा हसले. तोवर वेळ संपली होती, उजेड उतरला होता. पाहुण्यांचा पुढचा दिवस वसंतात, आणि बाबांचं तिकीट डिसेंबरचं.

गाडीत ते सारखे बोलत होते. "भात खाल्ल्यावर झोप येणारच रे तिला!" उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. घरी येताच कॉलिंग कार्ड काढून साताऱ्याला फोन. "पहिली गोळी कागदावर! पुढे तांदूळ अडकला म्हणून, नाहीतर... तुझ्या सुनेने मुठीमुठीने टाकले."

"बाबा!" किचनमधून बायको ओरडली.

"आता स्कूटरची किल्ली काढून ठेव," बाबा आईला म्हणाले.

डिसेंबरात ते साताऱ्याला परतले आणि कडाक्याच्या थंडीत मी एकटाच रेंजवर गेलो. बोटं बधिर झाली होती. लिव्हर अर्धवट ढकलला आणि मागे ओढला. रायफल अडकली. अगदी तशीच.

"पूर्ण पुढे, पूर्ण मागे," मास्तर म्हणाले.

"परत तांदूळ वाटतं?" मी विनोद केला.

ते हसले नाहीत. थर्मासमधून चहा ओतत राहिले. मग म्हणाले, "तांदूळ बाहेरच्या बाजूला होता. स्क्रूच्या खाचेत." थर्मासचं झाकण लावत, "पण होता."

त्या दिवशी घरी येऊन मी बाबांचा रेंजवरचा तो फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. बाबांची टोपी, टाय, आवळलेले ओठ, सगळं स्वच्छ. खालच्या कोपऱ्यात लिव्हरवरचा हात मात्र धुरकट, जणू तिथे हात नाही, वाफ आहे. तोच फोटो आईने फ्रेम करून हॉलमध्ये लावला होता. किल्ली मात्र काढून दिली नव्हती.

वसंत आला, पाहुण्यांचा दिवस आला, गेला. बाबा परत येण्यासारखे राहिले नाहीत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर गेले. त्याच्या काही आठवडे आधी त्यांच्याशी शेवटचं नीट बोलणं झालं. आवाज बारीक झाला होता, फोन आई धरायची. इकडचं तिकडचं झालं. मग ते म्हणाले, "काय रे, तो... तांदूळच होता ना?"

जन्मभर नको तिथे नको ते बोलून बसलेला मी. या खेपेला अजिबात अडखळलो नाही. "तांदूळच होता, बाबा. मास्तर अजून सगळ्यांना सांगतात."

 फोनपासून लांब, आईला उद्देशून त्यांचा आवाज आला, "ऐकलंस? मी म्हटलं नव्हतं?"

"हो हो, म्हटलं होतं. चहा निवतोय, आ करा बघू," आई म्हणाली, आणि कपावर चमचा वाजला.