केळ्यावर आलेला आळ

"हिच्या उजव्या फुफ्फुसाच्या वाटेत काहीतरी अडकलंय असं मला वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मनूच्या पाठीवरचा स्टेथोस्कोप त्यांनी सरळ माझ्या कानाला लावला. "तुम्हीच ऐका. आधी डावीकडे. आता उजवीकडे."

डावीकडे वारा खेळत असल्यासारखा आवाज होता. उजवीकडे फारसं काहीच नाही, मधूनच एक बारीक शिट्टी. मनू माझ्या मांडीवर बसून डॉक्टरांच्या पेनाचं टोपण काढू पाहत होती. अडीच वर्षांची पोर, अंगात ताप, नाकपुड्या फुललेल्या, तरी हातांना स्वस्थता नाही.

हे लिहितेय ते घरात लहान मूल असलेल्या सगळ्यांसाठी. आमच्या घरात शिकलेली माणसं कमी नाहीत. मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवते, फुफ्फुसांची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढते. तरीही आम्ही सगळे मिळून भलत्याच आरोपीच्या मागे लागलो होतो. तो आरोपी होता केळं.

आता हे समजायला आमचं घर समजायला हवं. आम्ही जळगावात मेहरूणला राहतो. माझं माहेर धुळ्याचं. मी शाळेत जाते म्हणून मनूला सांभाळायला माझी आई धुळ्याहून येऊन राहिली आहे. सासर सावद्याचं. सासरे, म्हणजे नाना, केळीच्या बागेत वाढले आणि अजून बागेतच रमतात. ते आमच्याकडे रिकाम्या हाताने कधी आले नाहीत. दारात चपला काढायच्या आधी पिशवीतून केळ्यांची फणी बाहेर येते. आणि माझ्या आईचं ठाम मत असं, की जगातला प्रत्येक खोकला केळ्यापासून सुरू होतो. अशा दोन माणसांच्या मधे मनू राहते आणि दोघांकडून लाड करून घेते.

थंडीत नानांच्या शेतात भरताची पार्टी होती. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ती ठेचायची, मग वरून हिरवी मिरची, लसूण आणि तेलात तळलेले अख्खे शेंगदाणे. मी चुलीपाशी पुऱ्या तळत होते, आई लाटत होती, नवरा, योगेश, वांगी सोलत बोटं भाजून घेत होता. मनू आजोबांजवळ होती, म्हणजे आम्ही निर्धास्त. तिकडे काय झालं ते मला फार नंतर कळलं.

परत आल्यावर मनूला खोकला सुरू झाला. सर्दी नाही, ताप नाही, नुसता खोकला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सिरप दिलं. मग श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. याला व्हीझ म्हणतात. त्यांनी नेब्युलायझर दिलं, म्हणजे औषधाची वाफ. मास्क लावला की मनू आकांत करायची. वाफेनं जरा बरं वाटायचं, पुन्हा शिट्टी चालू.

आईनं पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला होता. "मी सांगस ना, हाऊ बठ्ठा खोकला केयासना शे!" आमच्या अहिराणीत ळ चा य होतो, तेव्हा केळ्यांचं केयं झालं तरी गुन्हा तोच. तिनं टोपलीतली केळी उचलून शेजारी देऊन टाकली.

ही बातमी फोनवरून सावद्याला पोचली. नाना एरवी शांत माणूस. पण केळ्याला नाव ठेवणं म्हणजे त्यांच्या घराण्याला नाव ठेवणं. स्पीकरवर त्यांचा आवाज चढला. "याहीणबाई, केयी खाऊन कोनी आजारी नाही पडत! आमच्या घरचे पोरं केयीवरच वाढले!" खानदेशात विहिणीला याहीण म्हणतात आणि या नात्यात भांडणाची मुभा असते. दोघांनी ती पुरेपूर वापरली. मी आणि योगेश मान खाली घालून हसत होतो. आज आठवलं की माझाच मला राग येतो. ते भांडण इतकं मजेदार होतं, की खोकला केळ्याचा नसेल तर मग कशाचा, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी नाना स्वतः आले, केळ्याची बाजू मांडायला. हातात पिकलेली फणी होतीच. पण दारातून आत येता येता त्यांनी मनूकडे पाहिलं आणि पिशवी हातातच राहिली. तिला ताप भरला होता. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. "हे पोरगी अशी काहून श्वास घेऊन राह्यली?" ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला ते नीट दिसलं. आम्ही तसेच रिक्षात बसलो आणि लहान मुलांच्या हॉस्पिटलात आलो. डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावला तो तिथेच.

एक्स-रे काढला. मला वाटलं, अडकलेलं जे काही असेल ते त्यात पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसेल. काहीच दिसलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "नाणं असतं तर दिसलं असतं. खाण्याचे पदार्थ बहुतेक वेळा दिसत नाहीत. पण बघा, उजवं फुफ्फुस जास्त फुगलंय. हवा आत जातेय, बाहेर पडताना अडतेय." याला त्या फॉरेन बॉडी म्हणाल्या. फॉरेन बॉडी म्हणजे शरीरात बाहेरून शिरलेली, तिथे असायला नको अशी कुठलीही वस्तू.

मग त्यांनी विचारलं, "खाताना किंवा खेळताना हिला कधी अचानक ठसका लागला होता का? श्वास कोंडल्यासारखं झालं होतं?"

मी नाही म्हणाले. योगेश नाही म्हणाला. आई केळ्याबद्दल बोलू लागली. डॉक्टरांनी हातानंच तिला थांबवलं. "आठवून सांगा. निमोनिया समजून औषध देत बसले तर वेळ जाईल. आणि नक्की काही माहीत नसताना एवढ्या लहान मुलीला भूल देऊन आत पाहायचं, हाही लहान निर्णय नाही."

दाराशी नाना उभे होते. पिशवी अजून हातातच.

"मॅडम, मी सांगू का?" ते म्हणाले. "भरताच्या पार्टीले भरीत लई तिखट व्हतं. म्हनून मी त्यातले शेंगदाने येचले, पान्यात धुतले आन् तिले एकएक देऊन राह्यलो व्हतो. मी म्हशीचा आवाज काढला. ते हसली आन् एकदम ठसका लागला. तोंड लालबुंद झालं. मी पाठीवर थापा मारल्या, मंग ते रडली, मंग खेयाले लागली. मले वाटलं, गियला तिनं."

आमच्याकडे भरीत आणि लहान मूल एका ठिकाणी आलं, की कुणीतरी आजोबा हेच करतात. तिखट लागू नये म्हणून भरतातले शेंगदाणे वेचून देतात. मलाही लहानपणी असेच दिलेले आहेत. त्यात धोका असेल असं कुणालाही वाटत नाही, कारण आमचं सगळं लक्ष तिखटावर असतं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची वळवली आणि नानांकडे पाहून म्हणाल्या, "आजोबा, हे सांगितलंत ते फार बरं केलंत. दाणा खाली उतरून बसला की ठसका थांबतो, मूल खेळायला लागतं, म्हणून घरच्यांना कळत नाही. आता मला थांबायची गरज नाही."

करायची होती ती ब्रॉन्कोस्कोपी. पूर्ण भूल देऊन तोंडावाटे श्वासनलिकेत दुर्बीण घालायची आणि अडकलेली वस्तू चिमट्यानं बाहेर काढायची. ऑपरेशन करणाऱ्या सर्जननी काही लपवलं नाही. शेंगदाणा ओल्या जागी फुगतो, मऊ होतो. काढताना तुटू शकतो. सरकून मुख्य नळीत आला तर श्वास पूर्ण बंद होऊ शकतो. "पण तो तसाच ठेवणं जास्त धोक्याचं आहे," ते म्हणाले. योगेशनं सही केली. मला अक्षरं दिसत नव्हती.

मला नानांचा राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. पण बाहेर बाकावर ते आईला म्हणाले, "याहीणबाई, आता मी माह्या हातानं पोरीले काहीच नाही देनार. कधीच नाही." म्हैस, कुत्रा, रेल्वे, सगळे आवाज काढणारा तो माणूस पुटपुटत होता. आई त्यांना काहीही बोलू शकली असती. तिनं नुसती पदरानं बाकावरची जागा पुसली आणि म्हणाली, "बसा नाना." माझा राग तिथेच ओसरू लागला.

ऑपरेशनच्या आधी मनू एनबीएम होती, म्हणजे तोंडानं काहीही द्यायचं नाही, पाण्याचा घोटही नाही. पोट रिकामं नसेल तर भुलीत उलटी होऊन ती फुफ्फुसात जाऊ शकते. हे मला कळतं, मनूला कसं कळणार? तिला नानांची पिशवी दिसली होती. "केळं दे. नाना, केळं दे." सिस्टरनी हातमोज्याचा फुगा करून दिला, योगेशनं तिला कडेवर घेऊन फेऱ्या मारल्या. आईनं पिशवी बाकाखाली सरकवून वर स्वतःची शाल टाकली. नानांना ते ऐकवेना, ते जिन्यात जाऊन उभे राहिले.

मग तिला आत नेलं. दार बंद झालं. त्या वेळाबद्दल मला फार काही लिहिता येणार नाही. समोरच्या भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता, तो मी वाचत राहिले आणि एक अक्षर डोक्यात गेलं नाही. आई हातावर हात ठेवून बसली होती. ती नवस बोलत असणार, पण कुठल्या देवाला ते तिनं आजवर सांगितलेलं नाही.

सर्जन बाहेर आले ते मास्क खाली ओढतच. "निघाला. पूर्ण निघाला." त्यांच्या हातातल्या वाटीत फुगलेल्या शेंगदाण्याच्या दोन पाकळ्या होत्या. एवढ्याशा. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, त्यांनी मला मधेच थांबवलं. योगेश भिंतीकडे तोंड करून रडला. नानांनी वाटीकडे पाहिलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "श्वास घेऊन राह्यली ना?"

तुमच्याकडे लहान मूल असेल तर मला डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्हालाही सांगते. पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू देऊ नका, कूट करून द्या. खाताना मूल बसलेलं असू द्या, पळत, हसत, रडत नको. ठसका लागून थांबला तरी ते डॉक्टरांना सांगा, मूल खेळत असलं तरीही. आणि ठसका लागल्यावर मुलाचा आवाज फुटत नसेल, रडताही येत नसेल, तर क्षणही न घालवता मुलाला पुढे वाकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मधे जोरात पाच थापा द्या, दुसऱ्या कुणाला तोवर १०८ ला फोन करायला लावा, तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका, आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मनूला तपासलं आणि न मागता स्टेथोस्कोप पुन्हा माझ्या कानाला लावला. डावीकडे वारा. उजवीकडे वारा, थोडा खरखरीत, पण वारा. मी आजवर इतकं सुंदर काही ऐकलेलं नाही.

"आता खायला द्या," त्या जाता जाता म्हणाल्या. "मऊ काहीतरी. केळं असेल तर उत्तमच."

त्या निघून गेल्या. मी हसू दाबून आईकडे पाहिलं. आईनं कुणाकडेही न पाहता खाटेखाली आणून ठेवलेली नानांची पिशवी ओढली. केळी काळी पडायला लागली होती. तिनं एक सोललं, वाटीत चमच्यानं चांगलं कुस्करलं, गाठ राहिली नाही ना ते पाहिलं. मला वाटलं आता ती भरवेल. तिनं वाटी नानांपुढे धरली.

"ल्या नाना. तुम्हीच भरवा."

नानांनी हात मागे घेतले. "नको, याहीणबाई."

"ल्या म्हनस ना," आई म्हणाली. "केयंच शे. केयाघाई कोनले काय व्हस?"

केळ्यामुळे कुणाला काय होतं, असं खुद्द आई विचारत होती! सावद्याच्या माणसाला याहून मोठी माफी कुणी दिली नसेल. नानांनी वाटी घेतली. मनूनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग चमचा बाजूला ढकलून म्हणाली, "नाना, म्हैस कर."

"आधी खाय. तोंड रिकामं झाल्यावर."

मनूनं घाईघाईनं गिळलं आणि घसा दिसेल इतका मोठा आ केला. नाना पुढे वाकले आणि डॉक्टरांपेक्षा बारकाईनं आत पाहिलं. मग त्या वॉर्डात म्हैस ओरडली, आधी रडवेली, मग चांगली खणखणीत. मनू हसली, खूप हसली, आणि खोकली नाही.

त्या सर्जनचे, डॉक्टरीणबाईंचे, फुगा करून देणाऱ्या सिस्टरचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत. नानांचेही. भरल्या खोलीत दाराशी उभं राहून "मी सांगू का?" म्हणायला जे लागतं, ते त्यांच्याकडे होतं, म्हणून मनू आज आहे.

आमच्या घरी आता शेंगदाण्याचा कूट आई स्वतः करते आणि केळ्यांची टोपली कायम भरलेली असते. मनू प्रत्येक घासानंतर आ करून दाखवते. लग्नात, पाहुण्यांकडे, कुठेही. लोक चक्रावतात. आम्ही चौघंही वाकून आत पाहतो.