कंपनीला घातलेलं गाऱ्हाणं

पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी आमच्या ओसरीवर बसून ‘अराजकवाद आणि विनोद’ या विषयावर दुपारभर भाषण दिलं, आणि तेवढ्या वेळात एकही माणूस हसला नाही. जुलमी सत्तेला बंदुकीपेक्षा हशाची भीती जास्त वाटते, असं ते कपाळाला आठ्या घालून सांगत होते. समोर माझे यजमान आणि त्यांचे चार मित्र सुतकात बसल्यासारखे बसलेले. मला मात्र आत चहा गाळता गाळता दोनदा हसू फुटलं, आणि दोन्ही वेळा ह्यांनी ओसरीकडच्या जनेलातून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चपला घालून देवळात शिरले. देव मानत नव्हते, तरी.

आमचे हे अराजकवादी होते. म्हणजे लोकांना वाटतं तसे गोंधळ घालणारे नव्हेत हो. हायस्कुलात गणित शिकवायचे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावायचे. कुणी कुणावर राज्य करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. सरकारने नाही, मालकाने नाही, नवऱ्याने नाही. म्हणणं चांगलंच होतं, खोटं कशाला बोलू? मी त्याच्यावरच तर भाळले होते. पण म्हणणं ऐकणं वेगळं आणि त्याच्याबरोबर संसार करणं वेगळं.

लग्न होऊन मी पेडण्याहून, मोप्याच्या पठाराखालच्या गावातून, डिचोलीत आले. सुर्ल्याच्या वाटेवरचं हे गाव. गोवा मुक्त होऊन तेव्हा विसेक वर्षं झाली असतील. आल्या आल्या हे मला म्हणाले, “मला अहो म्हणायचं नाही. तू म्हणायचं.”

“जमणार नाही हो मला.”

“का नाही जमणार? म्हणायलाच पाहिजे!”

“हा हुकूम आहे का?”

हे वह्या तपासायला बसले. दुसऱ्या दिवशी पोदेर पाव देऊन गेल्यावर, चहात पाव बुडवता बुडवता म्हणाले, “हुकूम नाही. विनंती आहे. पण ती तू मानलीच पाहिजेस.” कपाळ माझं! शेवटपर्यंत मी अहोच म्हटलं, आणि शेवटपर्यंत ते त्यांना लागत राहिलं.

दर रविवारी मंडळाची बैठक. अध्यक्ष नको, कारण अध्यक्ष म्हणजे सत्ता. म्हणून ओसरीवरची एकुलती एक कदेल उचलून आत नेऊन ठेवायची, कुणी दुसऱ्यापेक्षा उंच बसायला नको. सगळे चटईवर. पण अध्यक्षच नाही म्हटल्यावर ‘चला, सुरू करूया’ असं म्हणायचं कुणी? पाचही जण एकमेकांची तोंडं बघत बसायचे. शेवटी मी चहा घेऊन जायची आणि म्हणायची, “करा आता सुरू.” मग सुरू व्हायचं. संपवायचंही मलाच लागे. म्हणजे तो सगळा अराजकाचा कारभार माझ्या चहाच्या तपेल्यावर चालला होता. एकदा मी हे बोलून दाखवलं. त्यातल्या एकाला हसू आलं, ते बिचाऱ्याने खोकल्यात लपवलं.

हसण्याचं ह्यांना फार वावडं. “लोक हसले की त्यांचा राग निवतो,” म्हणायचे. “राग निवला की माणूस परत मुकाट कामाला लागतो. मालकाला तेच हवं असतं.”

मी म्हणायची, “अहो, पेजेवरचं झाकण जरा सरकवलं नाही तर पेज उतू जाते, आणि खालची चूल विझते.”

“तुला प्रत्येक गोष्टीत चूल का आठवते?”

“कारण तुम्हाला आठवत नाही म्हणून!”

हे असं चाललेलं असताना खाणीची गोष्ट आली. आमच्या वाड्याच्या वर खनिजाची खाण होती. खनिज काढताना जी टाकाऊ माती निघते तिचे डोंगर रचतात, त्याला सगळे डंप म्हणायचे. कंपनीने नवा डंप आमच्या झरीच्या डोक्यावर रचायचं ठरवलं. झर म्हणजे आमच्या वाड्याचं सगळं पाणी. पिण्याचं तेच, आणि खालच्या मळ्यातल्या मिरच्या-अळसांद्यांचंही तेच. वर माती पडली की पहिल्या मोठ्या पावसात लाल चिखल झरीत उतरणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मला तर झोप लागेना. माझ्या माहेरी पाणी कोसावरून आणायचे. झरीचं गाव म्हणून तर आईने मला इथे दिली होती.

ह्यांनी देवळासमोरच्या मांडावर सभा बोलावली. बोलावली म्हणजे, अर्थात, ‘कुणीही यावं’ असं सुचवलं. पण गाव आलं. खालच्या लाईनीतली माणसंही आली. खाणीवर कामाला सावंतवाडी-दोडामार्गाकडून आलेल्या लोकांना कंपनीने आमच्या वाड्याच्या शिवेपलीकडे ओळीने खोल्या बांधून दिल्या होत्या, त्याला आम्ही लाईन म्हणायचो. त्यातला एक ट्रकड्रायव्हर आणि त्याची बायको पुढेच बसली होती. दोघंही भारी मस्करीखोर. ती हसली की मांडावरचे कावळे उडायचे.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे कुठलंही काम काढलं की आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस हात जोडून देवाशी मोठ्याने बोलतो, प्रत्येक वाक्याचा शेवट लांबवतो, आणि तो लांबला रे लांबला की जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ लहानपणापासून ते इतकं जिभेवर बसलेलं असतं की विचार करावा लागत नाही. आणि ह्यांच्या घरात गाऱ्हाणं घालण्याचा मान पिढ्यानपिढ्यांचा. आजोबा घालायचे, वडील घालायचे. ह्यांनी मान नाकारला. पण गळा कुठे नाकारणार?

हे उभे राहिले आणि म्हणाले, “आपल्यावर कुणाचंही राज्य नकोऽऽ...”

“व्हय म्हाराजा!” ड्रायव्हर ओरडला. मुद्दाम नव्हे हो, त्याच्या तोंडातून निघून गेलं. पण त्याच्यामागे अख्खा मांड म्हणाला.

ह्यांना काही कळेना. आणखी जोरात म्हणाले, “सरकार नको, मालक नकोऽऽ...”

“व्हय म्हाराजा!”

“अहो, मी महाराजा नव्हेऽऽ!”

“व्हय म्हाराजा!”

“कुणीच कुणाचा महाराजा नव्हेऽऽ!”

“व्हय म्हाराजा!”

मग काय! बायका पदरात तोंड लपवून हसतायत, म्हातारे खोकतायत, ड्रायव्हरची बायको तर जमिनीवर लोळायचीच बाकी. हे लालबुंद होऊन चप्पल शोधत निघून गेले. सभा तिथेच संपली, झरीबद्दल एक अक्षर न बोलता.

घरी आल्यावर हे जेवेनात. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “लोक अजून तयार नाहीत.”

माझं डोकंच फिरलं. “लोक तयार नाहीत? आणि डंप तयार आहे, त्याचं काय? तुमचे लोक तयार होईपर्यंत मी काय तुमचं पुस्तक पिळून पाणी पिऊ?” लोकांचाही राग आला होता मला. हसले नि घरी गेले, शिरा पडली त्यांच्या तोंडार! पण त्याहून राग ह्यांचा. एवढं गाव एका सुरात होकार देत होतं, आणि ह्यांना त्याचं काही करता येईना.

पुढच्याच आठवड्यात कंपनीचा साहेब मोजणीवाल्यांना घेऊन झरीवर आला. बरोबर जीप, जीपमध्ये दोन पोलीस. आम्ही बायका पाणी भरत होतो. ड्रायव्हरची बायकोही होती. लाईनीला वेगळी विहीर होती, झरीशी तिचा संबंध नव्हता, पण गंमत बघायला म्हणून आली होती. साहेब म्हणाला, “बाजूला व्हा.” कुणी हललं नाही. पोलिसाने काठी आपटली. दोघीतिघी मागे सरकल्या. मला वाटलं, संपलं आता. काय बोलावं सुचेना, आणि सुचेना म्हणूनच तोंडातून निघालं ते माझ्या पेडण्याचं निघालं. मी हंडा खाली ठेवला, साहेबापुढे हात जोडले आणि सुरू केलं.

“बा सायबा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, ती गोड मानून घेऽऽ!”

“व्हय म्हाराजा!” पहिला आवाज ड्रायव्हरच्या बायकोचा. नवरा कंपनीच्याच ट्रकावर, पण ती कसली भिते!

“तुझ्या घरात नळाक पाणी येता, ता तसाच येत रवांदेऽऽ!”

“व्हय म्हाराजा!”

“तुझी धूळ आमच्या नाकातोंडात जाता, तो तुझो अंगारो म्हणान आमी कपाळाक लावतावऽऽ!”

“व्हय म्हाराजा!”

साहेब इकडे तिकडे बघायला लागला. तो कुठला लांबचा, त्याला वाटलं आरती-बिरती चालली आहे. त्याने बूट काढावेत की नाही, अशी त्याची अवस्था.

“तर ही जी काय तुझी माती आसा, ती आमच्या शिवेभायर खंय व्हयी थंय टाक रे म्हाराजाऽऽ!”

“व्हय म्हाराजा!”

ह्या वेळी आवाज पुरुषी आला. बघते तर काय, त्या दोघांतला थोरला पोलीस, पेडण्याकडचाच असणार, काठी काखेत मारून, हात जोडून, डोळे मिटून उभा! डोळे उघडले, साहेबाकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की आम्हांला कुणालाच आवरेना. दुसरा पोलीस हसला, मोजणीवाले हसले, साखळी धरलेला माणूस साखळी टाकून खाली बसला. हसणाऱ्या माणसांकडून मोजणी करून घेता येत नाही, हे साहेबाने त्या दिवशी शिकून घेतलं. जीप वळून गेली.

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी खूश होतील. हे म्हणाले, “तू त्याला महाराजा म्हणालीस?”

“अहो, चेष्टेत!”

“चेष्टेत हात जोडले तरी ते जोडलेलेच असतात.”

आठवडाभर हेच. जेवताना हेच, भांडी घासताना हेच. आणि मंडळाने रविवारी ह्या विषयावर चर्चा ठेवली, म्हणजे परत चहा मीच करायचा. देवा रे, एकेकदा वाटायचं सरळ एखाद्या जुलमी माणसाशी लग्न करायला हवं होतं, निदान भांडताना सुख मिळालं असतं.

पण झर वाचली. कंपनीने डंप हलवला. आम्ही नारळ फोडला, ह्यांनी खोबरं खाल्लं नाही.

डंप हलवला तो शिवेबाहेर. आमच्या शिवेबाहेर म्हणजे लाईनीच्या डोक्यावर. श्रावण लागायच्या आत त्यांच्या विहिरीत लाल चिखल उतरला. त्यांच्या बाजूने उभं राहावं म्हणून आम्ही दोघं तिकडे जायला निघालो, तर ड्रायव्हर वाटेतच हात जोडून उभा राहिला. “नको, मास्तर. कंपनीच्या गाड्यार पोट आसा माझां.” ह्या वेळी कुणी ओरडलं नाही.

परत येताना हे मला म्हणाले, “गाऱ्हाण्यात तू शीव कुठली धरली होतीस?”

“गाऱ्हाण्यात शीव असतेच! पीडा शिवेबाहेरच घालवतात. तुमच्या आजोबांनी काय वेगळं केलं असतं?” मी असं ओरडले की वाटेवरची गुरं थांबली. त्यांना एक थोबाडीत द्यावी असं वाटत होतं मला. एवढ्या वर्षांत एकदा प्रश्न बरोबर विचारला, तो नेमका तेव्हा.

मग एका सकाळी ड्रायव्हरची बायको झरीवर आली. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी. आम्ही भरत होतो. ती वरच्या पायरीवरच थांबली, खाली उतरेना.

“अगो, उतर ना! उभी काय रवलंस?” मी म्हटलं.

“वयनी, आमकां हय पाणी भरूक मिळात?”

“इचारतंस कोणाक? झर काय माझ्या बापाची आसा?”

तिने आमच्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. आवाज इतका खाली आला होता तिचा की तो तिचा वाटेना.

“तसा नाय, वयनी. इचारल्याशिवाय भरलंय, तर लोका हसतली.”

आम्ही तिथे सात-आठ बायका होतो. ‘नाही गो हसणार’ एवढं कुणालाच म्हणता आलं नाही.