पापाकुऱ्यातलं धुपाचं मशीन

हसायचं नाही हं, आधीच सांगून ठेवते. हसलात तर चहा अर्धा टाकून उठेन. माझ्या हातून न्यूझीलंडात जो घोळ झालाय ना, तो मी आत्तापर्यंत फक्त माझ्या धाकट्या बहिणीला सांगितलाय, आणि ती अजून फोनवर बोलता बोलता मध्येच खिदळते. मेली!

तर पापाकुरा. ऑकलंडच्या दक्षिणेला आहे. तिथं आमच्या अभिजितने नवं घर घेतलं. एकाला एक चिकटून आठ घरं, पुढे हातभर हिरवळ. मी आणि आमचे हे सहा महिने राहायला गेलो होतो. घर छान, सून केतकी गुणाची, हवा गार. दुःख एकच. त्या घरात देवाला साधी उदबत्ती लावायची सोय नाही!

का? तर प्रत्येक खोलीत छताला तो धुराचा अलार्म. पाडव्याला मी म्हटलं, वर्षाचा पहिला दिवस, जरा धूप लावू. दोनच कांड्या लावल्या हो! आठही घरांना ऐकू जाईल असं ते बोंबलायला लागलं. शेजारच्या जेनेटबाईंनी घाबरून फोन केला आणि आगीचा बंब दारात. गुढी उभी, बंब उभा, आणि मी श्रीखंडाचं पातेलं घेऊन उभी.

अभि भयंकर चिडला. "आई, यापुढे या घरात धूर नाही. अजून एकदा बंब आला ना, तर इथली कमिटी मला पूजाच करू देणार नाही."

मी कबूल केलं. काय करणार? पण पुण्याला परतायच्या आधी मला नव्या घरात सत्यनारायण करायचा होता. केतकीचे आईवडील, म्हणजे आमचे व्याही आणि विहीणबाई, तेव्हा ऑकलंडमध्येच हिल्सबरोला तिच्या भावाकडे आलेले. ते येणार. विहीणबाई पार्ल्याच्या. तोंडाने काही बोलत नाहीत, नुसतं नाक वर करून हुंगतात. त्यांच्यापुढे बिनधुपाचा सत्यनारायण? मला झोप लागेना.

आणि नाकाचं म्हणाल, तर माझं नाक शाळेत प्रसिद्ध होतं. मी तिथं शिकवायचे, आणि फळ्यापाशी उभी राहून शेवटच्या बाकावरच्या डब्यात काय आहे ते सांगायचे. ह्यांची सिगारेट तीस वर्षांपूर्वी मी याच नाकाने पकडली आणि सत्यनारायणासमोर हातावर पाणी घेऊन सोडायला लावली. तेव्हापासून आमच्या घरात तंबाखूचा 'त' नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एके दिवशी सकाळी आंघोळ करून मी देवापाशी आले, तर हे तिथे उभे. घाईघाईने गणपतीची तसबीर सरळ करत होते. म्हातारपणी का होईना, देव आठवला म्हणून मला बरं वाटलं. ते गेल्यावर तसबीर पुसायला उचलली, तर मागे एक चकचकीत नळकांडं! बोटाएवढं लांब, एक बटण, वर काचेची इवलीशी कुपी आणि कुपीत सोनेरी तेल. हुंगून बघितलं. हापूस आंबा!

मला लगेच कळलं. माझ्या तल्लख डोक्याला काय, लगेचच कळतं सगळं!

"अहो, बघितलंत का? अभिने माझ्यासाठी विजेवरचं धुपाचं मशीन आणलंय!"

हे चहा पीत होते. कप हवेतच राहिला. लेकाच्या मायेने गहिवरले असतील, म्हटलं.

"असेल," शेवटी म्हणाले. "पण त्याला काही बोलू नको हं. सरप्राइज असेल बिचाऱ्याचं. पूजेच्या दिवशी देणार असेल."

"देईल तेव्हा देईल. चालतंय का ते तर बघू!"

बटण दाबलं. दिवा चार-पाच वेळा लुकलुकला आणि गेला. "बघा! पोराला फसवलं दुकानदाराने."

"चार्ज कर. खाली भोक आहे," हे म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"अगं, आजकाल सगळ्यालाच खाली भोक असतं."

हे वीज मंडळातून रिटायर झालेत, तेव्हा विजेचं त्यांना कळतं असं मी धरूनच चालते. घरचा पंखा आजवर एकदाही दुरुस्त केलेला नाही, तो भाग वेगळा.

चार्ज झालं. बटण दाबलं, तर आतून गुडगुड आवाज आणि बुडातून चिकट तेल गळायला लागलं. मी पदर खोचला. वर्तमानपत्र पसरून सगळं सुटं केलं. आत एक टोपणाएवढी धातूची डबी, आणि डबीत कापूस. वात! काळीकुट्ट झालेली. आता तुम्हीच सांगा, वात आहे, तेल आहे, वास आहे, मग ते देवाचं नाही तर कुणाचं?

आणि देवाची वस्तू कशाने घासायची? चिंच आणि मीठ! आमच्याकडे समईपासून ताम्हनापर्यंत जे देवापुढे जातं ते चिंचेने उजळून जातं. मी ते नळकांडं घासलं, ती डबी घासली, वातसुद्धा चिंचेच्या कोळात खळबळून काढली आणि खोली गरम करणाऱ्या हीटपंपासमोर वाळत घातली. हे दारात उभे राहून बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मीठ उडालं असेल.

सगळं जोडून बटण दाबलं. जेमतेम एक रेघ निघाली.

"तोंड लावून ओढावं लागतं बहुतेक," हे म्हणाले. "आण, मी टेस्ट करतो."

खिडकीपाशी गेले, एक झुरका घेतला, आणि चेहरा असा केला की मी पाणी आणायला धावले.

"काय झालं?"

"चिंच लागतेय."

"मग आता?"

"नवी वात लागेल. आणि ती घातल्यावर दहा मिनिटं तेलात मुरू द्यायची. लगेच बटण दाबलं तर जळते."

"किती बाई अभ्यास करता तुम्ही!" मी म्हटलं. खरंच कौतुक वाटलं हो मला. काय करू!

दुकान कुठे असतं तेही ह्यांनाच माहीत होतं. पापाकुरा स्टेशनच्या जवळ. आत भिंतभर बाटल्या आणि काउंटरमागे दाराएवढा माणूस, दोन्ही हात गोंदलेले. आम्ही आत शिरतो न शिरतो तोच ह्यांच्याकडे बघून म्हणतो, "किआ ओरा, मातुआ! बॅक ऑलरेडी?"

किआ ओरा म्हणजे नमस्कार, आणि मातुआ अशी तिथं वडीलधाऱ्या पुरुषाला मानाने हाक मारतात. मला इतकं भरून आलं! अनोळखी म्हाताऱ्याची केवढी ती आपुलकी. आपल्याकडे दुकानदार मान तरी वर करतो का?

त्याने आमची वात हातात घेतली, वास घेतला. "वॉट हॅपन्ड हिअर?"

"टॅमरिंड," मी अभिमानाने सांगितलं.

त्याने ती दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग नवी वात काढून दिली आणि तेल किती कडक हवं ते विचारलं.

"सेम, सेम! द लो वन," हे घाईघाईने म्हणाले.

"लो काय लो?" मी ह्यांना बाजूला सारलं. विहीणबाईंपुढे लो? "नो, नो! बिग हॉल, टेन पीपल. व्हेरी स्ट्राँग प्लीज!"

"दॅट्स हेवी स्टफ, आंटी. यू शुअर?"

"फॉर गॉड!" मी सांगितलं.

"स्वीट अ‍ॅज," तो म्हणाला. म्हणजे त्यांच्यात 'काही हरकत नाही'. बाटलीवर ठळक अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं. माझा चष्मा घरी, म्हणून ह्यांना वाचायला लावलं.

"मुलांपासून दूर ठेवा," ह्यांनी वाचलं.

"एवढं लांबलचक?"

"इंग्लिशमध्ये लांबच लागतं."

त्या दिवसापासून ह्यांनी टेस्टिंगचं काम अंगावर घेतलं. सकाळी खिडकीत उभे राहून टेस्ट, संध्याकाळी टेस्ट, कधी दुपारीही टेस्ट. "अजून जरा बघतो, खात्री नको का?" म्हणायचे. चाळीस वर्षांत माझं कुठलंच काम ह्यांनी इतकं मन लावून केलं नव्हतं. आणि अलार्म अगदी चिडीचूप! धूर खिडकीबाहेर जात होता, तर वाजेल कशाला? पण ही अक्कल मला तेव्हा नव्हती. मला वाटलं, हा वाफेचा धूप, ह्याला अलार्म ओळखतच नाही.

अडचण वेगळीच निघाली.

"अहो, तुम्ही ओढणार, तुम्ही सोडणार, आणि तोच धूप देवाला? उष्टा?"

"मी चूळ भरून ओढतो."

"उष्टं ते उष्टं! तोंड न लावता ओढला पाहिजे."

मी घरभर शोधलं आणि गॅरेजमध्ये मिळालं. अभिचा कॅम्पिंगच्या गादीत हवा भरायचा पंप! त्याला दोन तोंडं. एकातून हवा आत ओढतो, दुसऱ्यातून बाहेर फेकतो. ओढायच्या तोंडाला मशीन चिकटपट्टीने घट्ट बांधायचं, बटणाला रबरबँड, की झालं!

"अगं, नको," ह्यांचा चेहरा पडला. "जळेल ते. एकच आहे."

"एकच काय, देवाचंच आहे!" म्हटलं आणि पट्टी गुंडाळली. गॅरेजचं दार उघडं ठेवून चालू केलं. ढगच्या ढग! मला तर आनंदाने नाचावंसं वाटलं.

रविवारी सकाळी पूजा. गुरुजीही हिल्सबरोचेच, एरवी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात. चौरंगाच्या मागे खणाखाली पंप झाकून ठेवलेला. अभिला मी काही बोलले नव्हते. म्हटलं, आता मीच त्याला सरप्राइज देते. कथा झाली, आरती सुरू झाली, आणि मी पायाने हळूच पंपाचं बटण दाबलं.

घर्रर्र! सत्यनारायणाच्या मागून असा काही धूप उसळला की कलश दिसेना. घरभर हापूस आंबा. विहीणबाईंनी नाक वर केलं आणि लांब श्वास घेतला. मी श्वास रोखून उभी.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "किती प्रसन्न वाटतंय!"

माझं सहा महिन्यांचं दुःख त्या एका वाक्याने गेलं. व्याही तर डोळे मिटून डुलायला लागले. "डोकं कसं हलकं झालंय. असं मन कधी लागलंच नव्हतं," म्हणत ते आणखी पुढे सरकून बसले. गुरुजींनी मात्र एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा हुंगलं आणि आरतीचा ताल चुकले.

"काकू, हे..."

"अभिने आणलंय!" मी टाळ्या वाजवत ओरडले.

"मी? मी काय आणलंय?" अभि म्हणाला.

आणि अलार्म बोंबलला.

सगळे हिरवळीवर. व्याही हातात आरतीचं ताट घेऊन अजून डुलतायत. जेनेटबाई ड्रेसिंग गाऊनमध्ये बाहेर. बंब आला, आणि त्यातून उतरला तो पाडव्याचाच माणूस! मला ओळखून हसला, आत गेला आणि थोड्या वेळाने पट्ट्या बांधलेला तो पंप लांब धरून बाहेर आला.

"हूज इज दिस?"

आता लेकाच्या घरावर बालंट येतंय म्हटल्यावर आई मागे राहील का? मी छातीवर हात ठेवून पुढे झाले. "माइन! ओन्ली माइन! आय यूज एव्हरी डे!"

त्याने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. नथ, नऊवारी, हळदकुंकू. मग वहीत काहीतरी लिहून घेतलं. गुरुजी माझ्या कानाशी वाकले.

"काकू, ती इलेक्ट्रिक सिगारेट आहे. त्यात निकोटीन असतं. तंबाखूतलं."

तंबाखूतलं! सत्यनारायणापुढे! विहीणबाईंनी झटकन पदर नाकाला लावला, तोही सगळ्यांत जास्त हुंगून झाल्यावर. सगळ्यांनी अभिकडे बघितलं. "आईशप्पथ, माझी नाही!" अभि किंचाळला. केतकीचे डोळे वटारलेले. मी वळून ह्यांच्याकडे बघितलं.

त्या अख्ख्या हिरवळीवर एकट्या ह्यांनाच आश्चर्य वाटलेलं नव्हतं. ते त्या पंपाकडे बघत होते, केविलवाणे. आणि मग मला एकेक आठवायला लागलं. गणपतीची तसबीर. खालचं भोक. दहा मिनिटं मुरणारी वात. बॅक ऑलरेडी!

"अहो!"

"सांगणारच होतो," हे पुटपुटले. "रिटायर झाल्यावर पुण्यात टेकडीवर फिरायला येणाऱ्या मित्रांमुळे परत लागली. इथे आल्यावर सिगारेट टाकून हे धरलं, थोडं थोडं कमी करत. 'लो'वर आलो होतो. शेवटची बाटली होती माझी. पुण्याला जाईपर्यंत सुटलेलीच असती." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दुकानात व्हेरी स्ट्राँग प्लीज कोण म्हणालं?"

आता बोला! नवऱ्याचं सुटत आलेलं व्यसन मी स्वतः कडक करून त्यांच्या हातात दिलं, आणि वर दिवसातून तीनदा टेस्ट करायला लावलं. रागवायचं कुणावर? हे प्रसिद्ध नाक कापून कुठे ठेवायचं?

आठवड्याने कमिटीचं पत्र आलं. अभिने हसू दाबत वाचून दाखवलं. पूजेला त्यांची काहीच हरकत नाही. फक्त घरातल्या ज्येष्ठ बाईंनी कृपा करून बाहेर जाऊन ओढावी.

निघायच्या दिवशी टॅक्सीत सामान चढत होतं, तेवढ्यात जेनेटबाई धावत आल्या. मला घट्ट मिठी मारली आणि हळूच एक पत्रक हातात कोंबलं. चष्मा होता, वाचलं. सिगारेट-तंबाखू सोडायची असेल तर मोफत मदत. त्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, माझ्या आईनेही सत्तरीतच सोडली, धीर सोडू नकोस.

मी काही बोलणार, एवढ्यात आमचे हे पुढे झाले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, मान खाली घातली आणि म्हणाले, "थँक यू, जेनेट. शी इज ट्रायिंग."