पट्टीखालचा डाग

दवाखान्यात येणारे लोक कंपाउंडरला अर्धा डॉक्टर म्हणत. तो स्वतःला पाऊण समजे. तीस वर्षं जखमा धुऊन त्याचा हात छान बसला होता. माणूस वाईट नव्हता, फक्त दुसऱ्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायची सवय नव्हती.

एके सकाळी त्याची धाकटी बहीण तापाने फणफणत आली. पडद्याआड तिला इंजेक्शन देताना कमरेखाली त्याला एक डाग दिसला. काळा, गोल, कडेने लाल.

"हे काय गं?"

"घरामागचं गवत कापलं ना, तेव्हा काहीतरी चावलं असेल. दुखत नाही."

दुखत नाही म्हणाली आणि याची खात्रीच पटली. मेहुण्याच्या बोटांत सदा सिगारेट! चटका दिलाय मेल्याने, आणि ही त्याला पाठीशी घालतेय. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बहिणीच्या घरची लक्तरं चव्हाट्यावर कशी आणायची? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याने डाग पुसला, मलम लावलं आणि सुबक पट्टी बांधली.

"अंगावर कुठे पुरळ, डाग?" बाहेरून डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही, साहेब. मी पाहिलंय."

त्याने पाहिलं म्हणजे झालंच. साध्या तापाच्या गोळ्या सुरू झाल्या. मेहुण्याला जाब विचारावा तर बोभाटा होईल, म्हणून त्याने बोलणंच टाकलं. मेहुणा बिचारा रोज तिच्या तब्येतीचा निरोप द्यायला यायचा आणि हा त्याला पाठ दाखवून बाटल्या पुसत बसायचा.

सहाव्या दिवशी बहीण बरळू लागली, धाप लागली. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी ती पट्टी सोडली.

"ही कोणी बांधली? गवतातला डोळ्यांना न दिसणारा किडा चावल्याची खूण आहे ही. त्यातून येतो तो ताप, स्क्रब टायफस. वेळेवर दिसली असती, तर साध्या गोळ्यांनी भागलं असतं."

त्या गोळ्यांचा डबा त्याच्याच कपाटात होता, दुसऱ्या फळीवर. त्यानंतर किती दिवस त्याला घास गोड लागला नाही.

बहीण वाचली. ती उशीला टेकून बसू लागली, त्या दिवशी तो भेटायला गेला. मेहुणा शेजारी संत्रं सोलत होता. कंपाउंडर तिच्या कानाशी वाकून पुटपुटला, "तो डाग मी डॉक्टरांपासून लपवला गं. मला वाटलं, यांनी चटका दिलाय."

ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

"मोठ्याने बोल रे दादा. तापापासून मला नीट ऐकू येत नाही."

त्याने एकदा मेहुण्याकडे पाहिलं. मग छातीत श्वास भरला आणि शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात सगळं पुन्हा सांगितलं.

मेहुण्याचे हात थांबले. मग त्याने एक फोड बायकोच्या हातावर ठेवली.

"मला विचारलं नाहीत, ठीक आहे," तो म्हणाला. "निदान तिचं तरी ऐकायचं होतंत, दादा."