भाऊजींचं तापलेलं कार्ड

भिंगवाल्याचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. भिंग सदा गळ्यात, आणि दुरुस्त करून बसवलेल्या प्रत्येक स्क्रूवर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका. मागाहून कुणी हात घातला की ठिपका फुटलाच समजा. बायको म्हणायची, "माझ्या नखांना लागत नाही इतकं मेल्या स्क्रूंना लागतं!"

त्या सकाळी थोरली बहीण आणि भाऊजी मशीन घेऊन आले. बांधायच्या घरांची चित्रं कॉम्प्युटरवर काढून देणं हा भाऊजींचा धंदा. नोकरी सोडून घेतलेलं पहिलंच काम परवा द्यायचं, आणि मशीन दर दहा मिनिटांनी तापून बंद. चित्रांचा सगळा भार उचलणारं ग्राफिक्स कार्ड भिंगवाल्यानेच महिन्यापूर्वी साफ करून दिलेलं.

"कार्डाचा वेग वाढवलात का?"

"मी? छे!"

भिंगवाल्याने मशीन चालू करून सेटिंग उघडलं. वेग चांगलाच चढवलेला.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता, भाऊजी?"

"वाढवला असेल थोडा. चित्रं गोगलगाईसारखी सरकत होती. पण आधी कधी तापलं नव्हतं ते! कार्ड माझंच आहे ना हे?" एवढं बोलून भाऊजी तरातरा बाहेर बाकावर जाऊन बसले.

ताई हळूच म्हणाली, "तू चांगलं कार्ड काढून भलतंच बसवलंस, हे त्यांच्या डोक्यात बसलंय. आज समाधान झालं नाही तर तुझ्या दारात पाय ठेवणार नाहीत. मग माझं माहेर तुटलंच म्हण."

भिंगवाल्याने वेग पहिल्यासारखा केला. मशीन अर्धा तास बंद पडलं नाही. इथेच हात झटकले असते तर सगळं खापर भाऊजींच्या डोक्यावर फुटलं असतं. पण गरमी शहाण्णव अंश! साध्या वेगाला इतकी? पंखे फिरत होते, धूळ नव्हती. भाऊजींनीच कार्ड खोललं असणार! त्याने भिंग लावून एकेक स्क्रू पाहिला. सगळे ठिपके शाबूत.

म्हणजे आपल्यानंतर याच्या पोटात कुणाचाच हात गेलेला नाही. भिंगवाल्याने कार्ड खोललं. गरमी ओढून घेणाऱ्या मऊ पट्ट्या त्यानेच नव्या घातल्या होत्या. त्यातल्या मोठ्या पट्टीवर कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ प्लॅस्टिकची झिल्ली तशीच! बसवण्याआधी ती सोलायची असते. गरमी जाणार कुठून?

भाऊजी बाहेर, ताई फोनमध्ये. झिल्ली खिशात टाकली की विषय संपला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे त्याला नवं नव्हतं. पण मग भाऊजींच्या मनातला चोर तो कायमचाच झाला असता.

"ताई, भाऊजींना बोलाव."

दोघांसमोर त्याने झिल्ली सोलली. "ही काढायची राहिली माझी. नुसत्या साध्या वेगालाही धाप लागत होती त्याला, वर तुम्ही पळवलंत."

"आणि मघापासून माझ्या नवऱ्याचे कान पिळत होतास!" ताई कडाडली.

"वेग त्यांनी वाढवलाच होता, ताई."

"त्यांचं मी घरी बघते."

कार्ड परत बसलं, तासभर राबवलं. बहात्तरच्या वर गेलं नाही. भाऊजींचा चेहरा उजळला. तरी ते घुटमळत होते. शेवटी त्यांनी पाकिटातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर कार्डाचा नंबर.

"राग मानू नकोस. महिन्यापूर्वी देतानाच उतरवून ठेवला होता."

"राग कसला? मीही हेच केलं असतं," भिंगवाला म्हणाला आणि कार्डाच्या पाठीवरचा नंबर एकेक आकडा करत वाचू लागला. भाऊजींचं बोट कागदावरून सरकत गेलं.

"जुळला एकदाचा! चला," ताई उठली.

"थांब गं," भाऊजी म्हणाले. "शेवटचे तीन पुन्हा वाच रे."